डोंगरवाटेवरील आप्तवचन

भारतीय तर्कशास्त्रात ज्या डोंगराचा उल्लेख सर्वाधिक वेळा येतो, त्याला नाव नाही, वाट नाही आणि त्यावर कोणी चढतही नाही. दूरच्या डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे कधीही न चुकणारे साहचर्य, पाहणाऱ्याला स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ठाऊक असते, आणि तिच्या आधारे तो डोंगरावर अग्नी असल्याचे अनुमान करतो. नैयायिकांनी आणि त्यांच्या प्रतिपक्षांनी शतकानुशतके हेच उदाहरण पुढे ठेवून वाद केला. हा पाहणारा पायथ्याशी उभा आहे आणि त्याला तिथून हलण्याचे कारण नाही. ज्याला त्याच डोंगरावर सकाळी चढून अंधार पडण्यापूर्वी सुखरूप उतरायचे आहे, त्याची ज्ञानाची गरज मात्र निराळी असते आणि ती प्रत्यक्ष व अनुमान या दोन साधनांनी सहसा भागत नाही. त्याला वाट माहीत असलेल्या माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणूनच वाटाड्याबरोबर केलेली दिवसभराची डोंगरचाल हा शब्दप्रमाणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या यथार्थ ज्ञानाचा, विचार करण्यासाठी नेमका प्रसंग आहे. आणि गुरू, शास्त्र व श्रद्धा यांविषयीचे प्रश्न शेवटी याच ठिकाणी येऊन थांबत असल्यामुळे हा विचार तर्कशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही.

हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेता येईल. अकोले तालुक्यातील सुमारे १,४२४ मीटर उंचीच्या या गडावर पाचनईहून जाणारी वाट तुलनेने सोपी आहे, तर जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी वाट लांबची आहे. खिंडीत वाघाचे शिल्प कोरलेला दगड आहे; तिथून कातळाचा टप्पा चढून गेल्यावर पठार लागते, आणि नवख्याची खरी परीक्षा कातळावर न होता या पठारावर होते. कातळावर भीती वाटते, म्हणून माणूस प्रत्येक पाऊल पारखून टाकतो. पठारावर चढाची धाप ओसरलेली असते, समोर झाडोरा, लहान टेकाडे आणि ओढे एकामागून एक येत राहतात, आणि सगळीकडे ढोरवाटा फुटलेल्या असतात. ढोरवाट म्हणजे गुरांच्या रोजच्या ये-जा करण्याने पडलेली पायवाट. ती माणसांच्या वाटेइतकीच, कधी तिच्याहूनही ठसठशीत असते, पण ती हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराकडे न जाता पाणवठ्याकडे किंवा चांगल्या गवताकडे जाते आणि तिथेच विरून जाते. पावसाळ्यात धुके उतरले की दहा पावलांपलीकडचे दिसेनासे होते, आणि दिशा चुकलेला माणूस पुन्हा पुन्हा त्याच ओढ्यापाशी येतो. गावांतून या अनुभवाला ‘चकवा’ म्हणतात.

या चुकीचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. ढोरवाटेवर गेलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्याला फसवलेले नसते. समोर वाट आहे हे त्याचे प्रत्यक्ष ज्ञान खरेच असते. चुकते ते पुढचे अनुमान, कारण ‘जिथे मळलेली वाट, तिथे माणसाचे मुक्कामाचे ठिकाण’ ही सपाटीवर बहुधा टिकणारी व्याप्ती डोंगरावर टिकत नाही. प्रत्यक्षाच्याही मर्यादा तिथे लवकर उघड होतात. न्यायसूत्रांवरील भाष्याचा कर्ता वात्स्यायन (हा कामसूत्रकाराहून वेगळा) यथार्थ प्रत्यक्षाचे लक्षण सांगताना, दुरून दिसणारी वस्तू धूर आहे की धूळ हे ठरवता न येण्याची अवस्था त्यातून वगळतो. धुक्यातल्या पठारावर ही अवस्था अपवाद नसून नित्याची असते. गडाच्या पश्चिमेला अंतर्वक्र कोसळणाऱ्या कोकणकड्यावर तर याहून विलक्षण गोष्ट घडते. पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य आणि खालच्या दरीत धुके असले, तर त्या धुक्यावर वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली दिसते. या ‘इंद्रवज्रा’ची नोंद एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली होती. कड्यावर चार माणसे उभी असली, तर प्रत्येकाला ते वलय आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती दिसते, आणि चौघांपैकी एकाचेही डोळे बिघडलेले नसतात. प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण न मानणाऱ्या चार्वाक मताला सपाटीवर जो आधार सापडतो, तो इथे फार पातळ होतो.

अशा ठिकाणी वाटाड्याचा शब्द कामी येतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दप्रमाणाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी केली आहे, आणि आप्त म्हणजे नातलग नव्हे, तर विश्वसनीय वक्ता, हे वात्स्यायनाने स्पष्ट केले आहे. ज्याने विषयाचा स्वतः साक्षात अनुभव घेतला आहे, जो तो अनुभव जसा आहे तसाच दुसऱ्याला कळवू इच्छितो आणि जो तो सांगू शकतो, तो आप्त. या लक्षणात वंश, विद्या, वय किंवा पद यांपैकी काहीही येत नाही. भाष्यकार पुढे जाऊन असे म्हणतो की, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते आणि सर्वांचे व्यवहार त्याच आधारावर चालतात. अधिकाराची उतरंड पक्की असलेल्या समाजात लिहिल्या गेलेल्या शास्त्रग्रंथात हे वाक्य यावे, ही गोष्ट फार मोलाची आहे आणि तिला मिळायला हवे तेवढे महत्त्व क्वचितच दिले गेले. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील गावांतून महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती आहे. तिथला एखादा तरुण शहरातून आलेल्या पदवीधरांना ‘या ओढ्याच्या डाव्या अंगाने चला, उजवीकडची वाट गुरांची आहे’ असे सांगतो, तेव्हा वात्स्यायनाच्या व्याख्येनुसार तो पूर्ण अर्थाने आप्त असतो. त्याचे सांगणे म्हणजे उणे-अधुरे ज्ञान असून शास्त्रीय नकाशा ही खरी गोष्ट, असे मानण्याला न्यायशास्त्रात जागा नाही. भ्रमणध्वनीवर उतरवून घेतलेली वाटेची रेषादेखील कोणी तरी चालून गेल्याचीच साक्ष असते. फरक एवढाच की तिला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि गेल्या आठवड्यात दरड कोसळून वाट मोडली असल्यास ते तिला ठाऊक नसते.

याच गडाशी जोडलेली एक परंपरा इथे आठवते. चांगदेवांनी इथे तप केले असे मानतात, आणि त्यांचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ मध्ये, हरिश्चंद्र पर्वतावर पूर्ण झाल्याचे सांगितले जाते. संतचरित्रांतील चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी आहेत, सिद्धींचे धनी आहेत. तरी ज्ञानदेवांना पत्र लिहिताना मायना काय लिहावा हे त्यांना सुचत नाही, कोरा कागद पाठवला जातो, आणि शेवटी ते वयाने अगदी लहान असलेल्या मुक्ताबाईंना गुरू मानतात. या कथेचा ऐतिहासिक भाग किती हा निराळा प्रश्न. पण जिने पाहिले आहे तिच्याकडे विचारावे, मग ती कोणीही असो, हा वात्स्यायनाच्या भाष्यातला विचार मराठी मनाने या कथेच्या रूपाने जतन केला, असे म्हणता येते.

शब्दप्रमाणाला विरोध करणारेही थोर होते. वैशेषिकांनी आणि दिङ्नागाच्या परंपरेतील बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. त्यांच्या मते ऐकणारा शब्दातून थेट काही जाणत नाही. हा माणूस विश्वसनीय आहे, विश्वसनीय माणसे खरे बोलतात, म्हणून हे खरे असले पाहिजे, असे अनुमानच तो करत असतो. युरोपात जॉन लॉकने याच्याही पुढे जाऊन, दुसऱ्याच्या मताने माणूस अधिक ज्ञानी होतच नाही, अशी भूमिका घेतली. नैयायिकांचे उत्तर असे की वाक्य ऐकताच त्यातील पदांच्या परस्परसंबंधातून अर्थाचा बोध होतो आणि त्यासाठी वक्त्याच्या चारित्र्याविषयीचे अनुमान मध्ये आणावे लागत नाही. घसाऱ्याच्या, म्हणजे सुट्या दगडमातीच्या, उतारावर वाटाड्या ‘पाय आडवा टाक’ म्हणतो तेव्हा चालणारा पाय आडवा टाकतो. त्या क्षणी तो कोणतीही अनुमानशृंखला रचत नाही. अनुभवाशी पाहता नैयायिकांची बाजू अधिक खरी वाटते. तरीही बौद्धांच्या आक्षेपात एक सत्य आहे: विश्वासाची पारख त्या क्षणी होत नसली, तरी ती त्याआधी झालेली असावी लागते आणि पुढेही चालू राहावी लागते. वाटाड्याने सांगितलेले टाके सांगितलेल्या जागी लागले, सांगितलेला वळसा खरोखर कातळकडा चुकवून गेला, की त्याच्या पुढच्या शब्दाचे वजन वाढते. नैयायिक याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफळ झाली, म्हणजे ते ज्ञान खरे होते हे कळते. चालणारा खात्री झाल्यावर निघत नाही, निघाल्यावर त्याची खात्री होत जाते, आणि डोंगरावरचा एक दिवस हा क्रम इतक्या स्वच्छपणे दाखवतो की त्यासाठी वेगळ्या दृष्टान्ताची गरज राहत नाही.

इथून पुढे प्रश्न अवघड होतो. दिसणाऱ्या वाटेविषयीचा विश्वास न दिसणाऱ्या विषयांपर्यंत नेता येतो का? न्यायसूत्रांचे उत्तर होकारार्थी आहे. विषबाधा वगैरे उतरवणारे मंत्र आणि आयुर्वेद यांचे प्रामाण्य फळावरून पटते. तेच आप्त वेदांचेही द्रष्टे आणि प्रवक्ते आहेत. म्हणून स्वर्गासारख्या अदृष्ट विषयांतही त्यांचा शब्द प्रमाण मानावा, अशी ही मांडणी आहे. ती चतुर आहे, परंतु डोंगरावरच्या अनुभवाशी ताडून पाहता तिच्यातील उणीव लक्षात येते. खिरेश्वरची वाट बिनचूक दाखवणारा माणूस नळीच्या वाटेविषयी, म्हणजे कोकणकड्याच्या बाजूने नाळेतून चढणाऱ्या अवघड मार्गाविषयी, आपोआप आप्त ठरत नाही. तो त्या वाटेने स्वतः गेलेला असला तरच ठरतो. आप्तत्व विषयागणिक असते आणि ते एका विषयातून दुसऱ्यात उसने नेता येत नाही. चांगला वाटाड्या हे स्वतःहून सांगतो. इथून पुढे मी कधी गेलो नाही, हे त्याचे वाक्य त्याच्या सगळ्या आधीच्या वाक्यांना बळ देते. धर्माच्या क्षेत्रात नेमके हेच वाक्य दुर्मीळ झाले आहे. एका विषयात खरा उतरलेला पुरुष सर्वच विषयांत प्रमाण मानला जातो, विवाहापासून औषधापर्यंत त्याचा शब्द घेतला जातो, आणि शंका विचारणाऱ्याला अश्रद्ध ठरवले जाते. आप्ताच्या मूळ लक्षणाला सोडून केलेला हा विस्तार श्रद्धेचे नुकसान करतो, कारण खऱ्या आप्ताला ओळखण्याची खूणच त्यात पुसली जाते.

प्राचीन ग्रंथांत वाट दाखवणाऱ्याची जी चित्रे आहेत, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात डोळे बांधून गांधार देशातून दूर रानात आणून सोडलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे. कोणी तरी त्याची पट्टी सोडतो, गांधार कोणत्या दिशेला आहे ते सांगतो, आणि तो शहाणा माणूस गावोगाव विचारत घरी पोहोचतो. मज्झिम निकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात, सगळेच शिष्य निर्वाणाला का पोहोचत नाहीत असे विचारणाऱ्या ब्राह्मणाला बुद्ध राजगृहाच्या रस्त्याचे उदाहरण देतो: नीट वाट सांगितल्यावरही एक प्रवासी चुकतो, दुसरा पोहोचतो, त्यात सांगणारा काय करणार, तथागत केवळ वाट दाखवणारा आहे. दोन्ही ठिकाणी दाखवणारा दिशा सांगून मागे राहतो आणि चालणे चालणाऱ्याचेच असते.

दिवसभर पुढे चालणारा वाटाड्या याहून वेगळा आहे. तो धोका वाटून घेतो, थकलेल्यासाठी थांबतो आणि चूक होण्याआधीच ती टाळतो. पण त्यामुळे मागच्याची नजर पुढच्याच्या टाचांवर खिळून राहण्याचा संभव फार असतो. असा माणूस गडावर जाऊन, केदारेश्वराच्या गुहेतल्या कमरेएवढ्या गार पाण्यात उतरून, शिवलिंगाला प्रदक्षिणा घालून परत येतो, तरी त्याला वाट विचारली तर सांगता येत नाही. प्रत्येक पावलाला त्याला खरे ज्ञान मिळाले होते, परंतु वाटेचे ज्ञान झाले नाही. उपनिषदांनी श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकलेल्याची युक्तीने पारख आणि त्यावर सातत्याने चित्त स्थिर करणे, या पायऱ्या का सांगितल्या ते इथे समजते. जाणता वाटाड्या म्हणून नुसता पुढे चालत नाही. वळणावर थांबून तो मागे पाहायला लावतो, कारण उतरताना तेच वळण उलट बाजूने दिसणार असते, आणि ढोरवाट कशी ओळखायची तेही सांगतो.

असे पाहत गेलेला माणूस पुढच्या हिवाळ्यात मित्रांना घेऊन पुन्हा खिरेश्वरला येतो, तेव्हा त्याचा अधिकार किती, हेही वात्स्यायनाच्या लक्षणावरूनच ठरते. त्याने वाट एका ऋतूत पाहिलेली असते. पावसाळ्यातल्या ज्या ओढ्यावरून वळायचे तो आता कोरडा पडलेला असतो, आणि गवत वाळून ढोरवाटांची संख्या वाढल्यासारखी भासते. तोलार खिंडीपर्यंत आणि कातळाच्या माथ्यापर्यंत मला माहीत आहे, पठारावर मात्र गावातले कोणी तरी बरोबर घ्यावे लागेल, एवढे तो निघण्यापूर्वी प्रामाणिकपणे सांगू शकतो, आणि तेवढ्या अंतरापुरता तोही आप्त असतो.