दोष उताराचा की माथ्याचा?

घाटात ट्रक उलटला म्हणजे चालकाच्या तोंडचे पहिले वाक्य बहुधा एकच असते : "ब्रेक लागले नाहीत." हे वाक्य पुष्कळदा खरेही असते. मग असा प्रश्न उत्पन्न होतो की, ज्या क्षणी ब्रेक निकामी झाले त्या क्षणी तो मनुष्य काहीच करू शकत नव्हता, तर त्यास दोषी कसे म्हणावे? जे टाळणे मनुष्याच्या हाती उरले नाही, त्याचा जाब त्याला विचारणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न केवळ ट्रकचालकांचा नव्हे. परंतु अवजड गाडीचा गिअर टाकावयास शिकताना त्याचे उत्तर जितके स्पष्ट दिसते, तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल. म्हणून वाचकांनी थोडा वेळ चालकाच्या शेजारी बसावे, अशी विनंती आहे.

आमच्या परिचयाचा एक शेतकऱ्याचा मुलगा ट्रकवर क्लिनर होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालविणाऱ्याचे वय निदान २० वर्षांचे असावे लागते, आणि शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या गाडीचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. ह्या अटी पुऱ्या झाल्यावर त्याच्या उस्तादाने त्यास एका जुन्या ट्रकवर शिकविण्यास आरंभ केला. गिअर आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेशची रचना कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली आली व पुढे ट्रकांतही पसरली; परंतु ह्या जुन्या पेटीत ती नव्हती. तेथे डबल क्लच मारावा लागे. खालचा गिअर हवा असेल तर क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणावयाचा, क्लच सोडून इंजिनाला थोडी रेस द्यावयाची, आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावयाचा. दोन्ही चक्रांची गती जुळली म्हणजे दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो. न जुळली तर दात करकर वाजतात. मुलगा जोर करू लागला म्हणजे उस्ताद म्हणे, "अरे, दांड्याशी कुस्ती खेळू नकोस. इंजिन काय सांगते ते ऐक."

काही महिन्यांनी भरलेली गाडी घेऊन ते घाटमाथ्यावर आले. उस्तादाने गाडी कडेला उभी करविली व विचारले, "कोणत्या गिअरात उतरशील?"

"उस्ताद, चौथ्यात उतरतो. तुम्हाला वेग वाटला तर पुढे तिसरा टाकीन."

"पुढे तो पडणार नाही. टाकावयाचा तो येथेच टाक."

ह्या उत्तरात सारे शास्त्र आहे. भरलेली गाडी एकदा वेगाने घरंगळू लागली म्हणजे खालच्या गिअराशी जुळण्याइतके वेगाने इंजिन फिरविता येत नाही. अशा वेळी वरचा गिअर काढला तर तो निघतो, परंतु दुसरा पडत नाही, आणि गाडी मोकळी सुटते. मग सर्व भार ब्रेकांवर येतो. २५ टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरली म्हणजे जी शक्ती मोकळी होते, तिने २०० लिटरांच्या पिंपातील थंड पाणी उकळावे. एवढी उष्णता एकट्या ब्रेकांनी सोसावी म्हटले तर ते तापतात, आणि तापले म्हणजे त्यांची पकड जाते. म्हणून जुने चालक सांगतात की, जो घाट ज्या गिअरात चढवेल, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरात तो उतरावा. म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरते.

तरीही कित्येक चालक डिझेल वाचेल म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. गाडी गिअरात असून पाय काढलेला असताना इंजिनाला होणारा डिझेलचा पुरवठा बहुतेक तुटलेलाच असतो, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. आणि इंजिन बंद पडल्यावर ब्रेकांना लागणारी हवा भरणे थांबते, ह्याचा ते विचार करीत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांस धडक दिली. गाडी न्यूट्रल सोडली असावी, असे तेव्हा प्राथमिक तपासात सांगण्यात आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उताराच्या मध्यावर चालक असहाय होता, हे मान्य. परंतु माथ्यावर तो असहाय नव्हता. तेथे गाडी उभी होती, दांडा हातात होता, वेळ होता. ज्याने ब्रेक तपासले, खालचा गिअर टाकला, आणि तरीही नळी फुटली, त्याच्या हातून तेवढाच अनर्थ घडला असताही आपण त्यास दोषी म्हणणार नाही. ह्यावरून दिसते की, दोष परिणामाने मोजावयाचा नसून, निवड हाती असताना मनुष्याने काय निवडले ह्याने मोजावयाचा आहे.

आपल्या गावांतही असेच घडते. मंडळीची वर्गणी स्वतःच्या पैशांत मिसळून ठेवणारा कारभारी हिशेबाच्या दिवशी रडून म्हणतो, "माझा नाइलाज झाला." नाइलाज खराच असतो, परंतु वेगळी पिशवी शिवण्यास पहिल्या दिवशी कोणता अडथळा होता? रागाच्या भरात हात उगारणारा म्हणतो, "मला भान राहिले नाही." भान असताना तो गुत्त्यावर का थांबला? मोहाच्या उतारावर नवा निश्चय सहसा पडत नाही. तो सपाटीवर, मन शांत असतानाच टाकून ठेवावा लागतो.

येथे कोणी म्हणेल, मालकच डिझेल मोजून देतो व उशीर झाला की पैसे कापतो. मग एकट्या चालकास का बोलावे? हे म्हणणे योग्य आहे. ज्याने त्यास न्यूट्रल उतरावयास भाग पाडले, तोही त्या माथ्यावर उभा होता. आणि शेजाऱ्याची गाडी मोकळी सुटताना पाहून जे आपण गप्प बसलो, त्या आपलाही तेथे वाटा आहे. पडलेल्यास शब्द लावण्यापूर्वी एवढे आठवावे. तथापि वाटेकरी वाढल्याने कोणाचाही स्वतःचा वाटा नाहीसा होत नाही.

तो मुलगा आता स्वतः चालक आहे. उरलेल्या डिझेलाचे पैसे तुझे, असे त्याच्या मालकाने त्यास सांगून पाहिले. गरज त्यालाही आहे. घरी दोन लेकरे आहेत. तरी प्रत्येक घाटमाथ्यावर तो गाडी कडेला घेतो, ब्रेक पाहतो, खालचा गिअर टाकतो, आणि मगच उतरू लागतो. मागचे लोक भोंगे वाजवितात. तो म्हणतो, "वाजवू द्या. खाली गेल्यावर विचार करावयास वेळ मिळत नाही."