घराआधी रस्ता बघा

उपनगरात नवे घर घ्यायचे ठरले की घरातली बोलणी सुरू होतात ती कार्पेट एरियापासून. मग कितवा मजला, पार्किंग मिळणार का, हप्ता किती बसेल, क्लब हाऊस आहे का, भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) आले का. ही चौकशी बारकाईने व्हायलाच हवी, कारण आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम त्यात गुंतलेली असते. इमारतीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकल्यावर काय लागते, हे मात्र फार थोडे लोक बघतात. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. आधी रस्ता निवडावा आणि मग घर. घरातल्या उणिवा पैसे घालून दूर करता येतात. फरशी बदलता येते, स्वयंपाकघर पुन्हा बांधता येते. फाटकाबाहेरचा फुटपाथ, कोपऱ्यावरचे मेडिकल, चालत गाठता येणारे स्टेशन या गोष्टी कोणत्याही एका कुटुंबाला नंतर विकत घेता येत नाहीत.

मुंबईची उपनगरे मुळात चालणाऱ्यांनी वसवली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला आणि पुढच्या काळात स्टेशने धरून वस्ती वाढत गेली. स्टेशन गाठायला बहुतेकांकडे पायांखेरीज दुसरे साधन नव्हते, त्यामुळे घरे स्टेशनापासून फार लांब जाऊच शकत नव्हती. या वाढीला नियोजनाची जोड मिळाली ती एका संकटामुळे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, कोंदट चाळींतून माणसे मेली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंगा भागाची आखणी या ट्रस्टने केली. हिंदू कॉलनी आणि पारसी कॉलनीतले रुंद, झाडांचे रस्ते, मधल्या बागा आणि तळमजल्यावरची दुकाने ही त्या आखणीची देणगी आहे. त्या इमारती आता जुन्या झाल्या, काही पाडून नव्या उभ्या राहिल्या, पण शंभर वर्षांपूर्वी आखलेले रस्ते आजही तिथे राहणाऱ्यांना उपयोगी पडत आहेत.

मुलुंडचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९२२ साली क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी मुलुंड स्टेशनापासून पाच रस्त्यापर्यंतचा आराखडा केला. रस्ते चौकटीत आखले गेले, एकमेकांना काटकोनात छेदणारे. या आखणीचा फायदा चालताना कळतो. एक रस्ता खणलेला असेल तर शेजारच्या रस्त्याने जाता येते आणि वळसा फार पडत नाही. प्रत्येक चौकात कोपऱ्याची दुकाने लागतात आणि दुकाने आहेत म्हणून रात्री साडेनऊलाही रस्त्यावर उजेड आणि माणसे असतात.

संध्याकाळी सहानंतर मुलुंड पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडून पाच रस्त्याकडे चालत जा. ऑफिसातून परतणारी बाई गाडीतून उतरल्यावर वाटेत भाजी घेते, पुढे सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेते, इस्त्रीवाल्याकडचे कपडे उचलते, क्लासमधून सुटलेल्या मुलीला बरोबर घेते आणि घरी पोचते. चार कामे झाली आणि एकासाठीही वेगळे बाहेर पडावे लागले नाही. हीच कामे घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या संकुलात राहून करायची म्हटली तर काय होते? कासारवडवलीहून ठाणे स्टेशन आठ-दहा किलोमीटरवर आहे. बससाठी किंवा शेअर रिक्षासाठी रांग, मग हायवेवरची कोंडी, मग संकुलाचे फाटक आणि फाटकापासून आपल्या टॉवरपर्यंत पुन्हा चाल. भाजी, औषध आणि क्लास यांच्यासाठी वेगळ्या फेऱ्या पडतात किंवा सगळे ॲपवरून मागवावे लागते. दोन्ही घरांचे कार्पेट एरिया सारखे असतील; घोडबंदरचे थोडे मोठेही असेल. दिवस मात्र दोन वेगवेगळ्या प्रकारचे जातात.

या फरकाचा सर्वांत मोठा भार पडतो तो गाडी न चालवणाऱ्यांवर. दहा-बारा वर्षांची मुले, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आणि घरकामाला येणाऱ्या बायका यांचे जग पायांनी जेवढे गाठता येईल तेवढेच असते. विलेपार्ले पूर्वेला एखादे आजोबा एकटे निघून टिळक मंदिरात व्याख्यानाला जाऊ शकतात, वाटेत दूध घेऊ शकतात, ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलू शकतात. टिळक मंदिर ज्या लोकमान्य सेवा संघाचे आहे, ती संस्था १९२३ पासून पार्ल्यात उभी आहे. तिची पुण्याई मोठी आहेच, पण तिच्या कार्यक्रमांना माणसे येतात त्यात ती चालत येऊ शकतात याचाही वाटा आहे. हायवेलगतच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना प्रत्येक वेळी मुलाला किंवा सुनेला विचारावे लागते. विचारावे लागले की माणूस हळूहळू बाहेर जाणेच सोडतो. म्हातारपणातले स्वावलंबन असे रस्त्याच्या आखणीवर अवलंबून असते.

वाहतुकीची सोय बघताना जाहिरातीतले भविष्य आणि आजचे वर्तमान वेगळे ठेवायला हवे. नवी मुंबई हा त्याचा धडा आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये या नव्या शहराची कल्पना मांडली आणि ते वसवण्यासाठी १९७० साली सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली. स्टेशनाभोवती नोड, नोडमध्ये सेक्टर आणि सेक्टरमध्येच शाळा, बाजार, मैदान ही रचना चालणाऱ्या माणसाचा विचार करूनच झाली होती. पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोचली ती १९९२ मध्ये, आणि त्या रेल्वेच्या खर्चाचा दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलल्यावर. मधली वीस वर्षे पहिल्या रहिवाशांनी बसवर काढली. पुढे बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मार्ग ११ किलोमीटरचा. त्या भरवशावर तळोज्याला घर घेतलेल्यांची मुले दरम्यान शाळा संपवून कॉलेजात गेली. मेट्रो येते आणि आल्यावर जीवन बदलतेही. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर ते अंधेरी हा बसने तासाच्या वर जाणारा प्रवास विसेक मिनिटांवर आला. पण घर घेताना हिशेब धावत्या गाडीचा करावा. खांब उभे राहिलेल्या मार्गाला बोनस समजावे. गाडी किती वेळाने येते, रात्री शेवटची कधी सुटते आणि स्टेशनाच्या जिन्यापासून घरापर्यंत फुटपाथ आहे का, हे तीन प्रश्न ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ या जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जातात.

आता नव्या घराचा प्रश्न. जुन्या, चालत्या वस्तीतली घरेही जुनी असतात, हे खरे. साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, स्लॅबचे तुकडे पडतात, पावसाळ्यात भिंती ओलावतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसरा मजला म्हणजे नजरकैद. नव्या घराची ओढ ही चैन म्हणता येणार नाही. अशा ठिकाणी नवे घर मिळते ते मुख्यतः पुनर्विकासातून, आणि मुलुंड, बोरिवली, डोंबिवली, ठाण्याचे नौपाडा इथे तो जोरात आहे. पार्ल्यासारख्या ठिकाणी विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गामुळे, इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते आणि कित्येक सोसायट्या त्यामुळे अडकून पडल्या आहेत. जिथे पुनर्विकास शक्य आहे तिथे चांगली वस्ती आणि चांगले घर या दोन्ही गोष्टी एकाच पत्त्यावर मिळण्याची खरी संधी आहे.

हीच संधी आपण आपल्या हाताने घालवतो आहोत, याची मला चिंता वाटते. जुन्या इमारतीचा तळमजला रस्त्याशी बोलत असे. तिथे किराणा असे, दवाखाना असे, छातीइतक्या उंचीची कुंपणभिंत आणि तिच्यापलीकडे पारिजातक असे. नव्या इमारतीत तीन-चार मजले पार्किंगचे पोडियम येते. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या नजरेला तेवढ्या उंचीपर्यंत फक्त जाळ्या आणि काँक्रीट दिसते. गाड्यांसाठी दोन फाटके येतात आणि त्यांचे रॅम्प फुटपाथ कापत बाहेर पडतात. शंभर मीटरच्या पट्ट्यात अशा चार इमारती झाल्या की फुटपाथवर आठ वेळा उतरावे आणि चढावे लागते. काठी घेऊन चालणारा माणूस तिथे रस्त्यावरूनच चालू लागतो. दुकाने जातात तसा रात्रीचा उजेड जातो आणि उजेड गेला की मुलींना एकटे पाठवायला घरचे कचरतात. ज्या रस्त्यासाठी आपण या वस्तीत राहत होतो, तोच रस्ता आपली नवी इमारत पुसून टाकते.

नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या शिरीष पटेल यांनी या प्रश्नाची दुसरी बाजू अनेक वर्षे मांडली. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) वाढवताना किती लोक येणार आणि त्यांच्या वाट्याला रस्ता, मैदान, शाळा किती येणार याचा हिशेब मांडा, असा त्यांचा आग्रह होता. घरे चौपट होतात आणि रस्ता होता तेवढाच राहतो. त्या रस्त्यावर चालणाऱ्यांपेक्षा गाड्यांना जास्त जागा दिली तर गर्दी आणखी वाढते, कारण एका गाडीच्या जागेत कितीतरी माणसे चालू शकतात. माणसांची ने-आण महत्त्वाची, वाहनांची नव्हे, हे तत्त्व २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट लिहिलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फुटपाथवर किमान १.८ मीटर जागा अडथळ्याविना मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. कागद तयार आहेत. ते अमलात आणा असे म्हणणारे नागरिक कमी पडतात.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पार्ल्याचे, मुलुंडचे भाव नोकरदार तरुण जोडप्याच्या आवाक्यात नाहीत. त्यांना बदलापूर, विरार, पनवेल गाठावे लागते. मग हा सल्ला फक्त पैसेवाल्यांसाठी का? मला तसे वाटत नाही. बदलापूरलाही स्टेशनालगतची, बाजाराला लागून असलेली गल्ली आहे आणि गावाबाहेर माळावर उभे केलेले संकुलही आहे. तिथेही निवड करता येते. माळावरचे घर दोन खोल्यांनी मोठे मिळत असेल तर दुसऱ्या दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, घरातल्या प्रत्येकाचे रोजचे शेअर रिक्षाचे भाडे आणि क्लब हाऊसचा मेंटेनन्स त्याच्या किमतीत धरा. वीस वर्षांचा हिशेब मांडल्यावर लहान घर पुष्कळदा स्वस्त ठरते. आणि ज्यांना माळावरच जावे लागते त्यांना चालण्याजोगी वस्ती करून देणे ही महापालिकेची आणि सिडको, एमएमआरडीएसारख्या संस्थांची जबाबदारी आहे. ब्रिटिशांच्या काळात प्लेगनंतर जे सुचले ते आज सुचू नये, याला कारण नाही.

घर बघायला जाणाऱ्यांना माझा सल्ला साधा आहे. रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. जुलैत, कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला लोकलने जा आणि प्लॅटफॉर्मपासून घराच्या दारापर्यंत चालत जा. बरोबर घरातली सर्वांत हळू चालणारी व्यक्ती घ्या. आठशे मीटर म्हणजे तरुणाला दहा मिनिटे. आईला किती लागतात ते घड्याळात बघा. पाणी कुठे तुंबते, रस्ता कुठे ओलांडता येतो, वाटेत टेकायला जागा आहे का, किती दुकाने उघडी आहेत, तिथे बायका एकट्या चालताना दिसतात का, हे डोळ्यांनी बघा. सॅम्पल फ्लॅट त्यानंतर बघा.

आणि ज्यांची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे त्यांना विनंती. वाढीव क्षेत्र, कॉर्पस आणि भाडे यांवर तुम्ही जोर लावालच. त्याबरोबर आर्किटेक्ट आणि प्रकल्प सल्लागारासमोर (पीएमसी) चार गोष्टी ठेवा: रस्त्याच्या बाजूला दुकाने राहू द्या, गाड्यांचे फाटक एकच ठेवा, रॅम्प आपल्या हद्दीत संपवा म्हणजे फुटपाथ सलग राहील, आणि कुंपणभिंत कमी उंचीची ठेवा. नकाशे मंजूर झाल्यावर यातले काहीही करणे फार अवघड होते. म्हणून पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालून घ्या.