मनाई नसलेला कडा

कोथरूडमधील आमच्या परिचयाच्या एका तरुणाचा हात तेलबैलाच्या भिंतींवर चांगला बसला आहे. आता प्रस्तरारोहणासाठी अमेरिकेस, वायोमिंगमधील ‘डेव्हिल्स टॉवर’कडे जाण्याचा त्याचा मानस आहे. पायथ्यापासून सुमारे २६४ मीटर उंचीचा हा पाषाणस्तंभ लाकोटा व इतर आदिवासी जमातींना पवित्र आहे. जूनमध्ये त्यांचे विधी तेथे होतात. म्हणून त्या महिन्यात कोणी आरोहण करू नये, अशी विनंती तेथील उद्यान-प्रशासन १९९५ पासून करीत आले आहे. ती मनाई नव्हे. आणि या तरुणाला रजा मिळते ती नेमकी जूनमध्येच.

“कायदा आड येत नाही, त्यांची श्रद्धा माझी नाही, मग मी का थांबावे?” असे त्याने आम्हांला विचारले.

प्रश्न प्रामाणिक आहे. पैसाही त्याने कष्टाने साठवला आहे. परंतु मिस्साबलिदान चालू असताना वेदीपुढे छायाचित्रे काढणाऱ्या पाहुण्यालाही कायदा सहसा अडवीत नाही. तरी आपले मन दुखावतेच. दुसऱ्याचे दुखणे ओळखण्यास त्याची श्रद्धा स्वीकारावी लागत नाही.

१९५५ साली जो ब्राउन व जॉर्ज बँड कांचनगंगेवरील अखेरची खडकातील भेग चढून गेले आणि माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले. सिक्कीमला तसे वचन दिलेले होते. त्यांचे यश त्यामुळे उणे ठरले नाही.

मनाईपुढे सारेच थांबतात. विनंतीपुढे थांबण्यातच माणसाची पारख होते. आमच्या मित्राने रजा पुढे ढकलून पाहावी. ती न मिळाल्यास कडे इतरही आहेत.