दोष कुणाच्या माथी

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुणाच्या वाइटावर टपलेली नसते. कुजका पालापाचोळा, खताचा ढीग, ओलसर गवत ही तिची वस्तीची ठिकाणं. मेलेल्या झाडापानांतला कार्बन आणि नायट्रोजन मातीला परत करायचा, हे तिचं काम, आणि माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते बिनबोभाट चालू आहे. तिचे बीजाणू असतात दोन-तीन मायक्रॉनचे, फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशापर्यंत पोचतील इतके बारीक. प्रत्येक जण दिवसाला असे शेकडो बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो. फुफ्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात. कुणाला पत्ताही लागत नाही.

मग एखाद्या हिवाळ्यात फ्लू येतो. विषाणू श्वासमार्गाचं अस्तर उद्ध्वस्त करतो, बीजाणू गिळणाऱ्या पेशींचं बळ खच्ची करतो. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या सात अतिदक्षता विभागांत २००९ ते २०१६ या काळात दाखल झालेल्या ४३२ फ्लूरुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १९ टक्के रुग्णांच्या फुफ्फुसांत ही बुरशी रुजली होती. अशा रुग्णांपैकी ५१ टक्के नव्वद दिवसांत दगावले. ज्यांना बुरशी नव्हती त्यांच्यात हेच प्रमाण २८ टक्के होतं. डॉक्टरांना जास्त खटकलं ते वेगळंच. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीपासून दुबळी नव्हती, अशांमध्येही १४ टक्क्यांना ती गाठत होती.

‘साधा फ्लूच तर झाला होता, मग हे कुठून आलं?’ या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर वर आलंच आहे. पण विचारणाऱ्याला ते पुरत नाही. त्याला यंत्रणा कळून घ्यायची नसते, हिशेब हवा असतो. हाच का, आताच का, कुणामुळे?

महाराष्ट्रानं हा प्रश्न २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, घरोघरी ऐकला. तेव्हाची बुरशी निराळी, म्युकर. ती बहुतेकांच्या नाकात, सायनसमध्ये आणि डोळ्यांत शिरली, काहींच्या फुफ्फुसात. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. जुलैपर्यंत देशातला सरकारी आकडा ४५ हजारांच्या पुढे गेला आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत वर होता. बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक शहरभर वणवण करत होते, आणि त्या वणवणीत दोन उत्तरं तयार होती. एक, भोग, मागच्या जन्मीचं काहीतरी. दुसरं, डॉक्टरनं स्टिरॉइड भरमसाट दिलं. पहिलं उत्तर पोथीतलं आणि दुसरं पोलिस ठाण्यातलं वाटतं, पण दोन्हींची घडण एकच आहे. दोघांनाही एकच कर्ता हवा आहे, ज्याच्या माथी सगळं मारून मोकळं होता येईल.

आपल्याच परंपरेत याला जुनी आणि चांगली कडक हरकत आहे. संयुत्त निकायात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणसाच्या वाट्याला येणारं सुखदुःख सगळं पूर्वकर्मामुळेच असतं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं मत काय? बुद्ध कारणं मोजून दाखवतो. पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतुबदल, विषम राहणी, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळंच पूर्वकर्माचं म्हणणारे स्वतःला आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टी ओलांडून बोलतात, असं तो स्पष्ट सांगतो. आठांत एक! व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं प्रारब्ध काढायला निघालेल्यानं हे प्रमाण तरी ध्यानात ठेवावं.

बाबासाहेब आंबेडकरांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांचा आक्षेप असा आहे की, पूर्वजन्मीच्या कर्मावर बोट ठेवलं की दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते. म्युकरच्या बाबतीत हा आक्षेप नेमका लागू पडतो. रुग्णाला वर्षानुवर्षं मधुमेह होता आणि तो कुणी तपासला नव्हता, स्टिरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत होत्या, इंजेक्शन संपलं होतं. यांतलं काहीच गेल्या जन्मात घडलेलं नाही.

मग दुसरं उत्तर खरं का? तेही पुरतं नाही. कोविडवरच्या औषधांच्या, ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ वरून २३ वर. इतक्या स्वस्त औषधानं इतके जीव क्वचितच वाचवले असतील. पण हेच औषध रक्तातली साखर चढवतं आणि बुरशीला अडवणाऱ्या पेशींना गप्प बसवतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. आणि भारतात घरी बसून, ताप आल्याबरोबर, ते घेणारे अगणित निघाले. एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये स्टिरॉइडच्या गैरवापराबद्दल जाहीर इशारा दिला, तो यासाठीच.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्विनस या ख्रिस्ती धर्मचिंतकानं स्वसंरक्षणाच्या निमित्तानं असाच पेच हाताळला. एका कृतीला दोन फळं येऊ शकतात, एक हेतूतलं, दुसरं हेतूबाहेरचं. माणसाच्या कृतीचा नैतिक रंग हेतूवरून ठरतो. इथवरच वाचलं तर अ‍ॅक्विनस सगळ्याच डॉक्टरांना सोडवतो, कारण घरी गोळ्या लिहून देणाऱ्याचाही हेतू चांगलाच होता. पण तो तिथं थांबत नाही. गरजेपेक्षा जास्त बळ वापरलंत तर चांगला हेतूही तुम्हाला वाचवत नाही, असंही तो म्हणतो. अतिदक्षता विभागातल्या सहा मिलिग्रॅमचं समर्थन होतं आणि घरच्या गोळ्यांचं होत नाही, ते या दुसऱ्या कसोटीवर.

ही कसोटी लावायला समोर निदान एखादा माणूस तरी असतो. नेदरलँड्समधल्या अ‍ॅस्परजिलसच्या रुग्णांच्या बाबतीत कधीकधी तोही सापडत नाही. अ‍ॅस्परजिलसवरची मुख्य औषधं अ‍ॅझोल गटातली, आणि पिकांवरच्या, फुलांच्या कंदांवरच्या बुरशीनाशकांतही याच गटातली रसायनं. शेतातल्या उरल्यासुरल्या काडीकचऱ्यात राहून बुरशी त्यांना पचवायला शिकते. जन्मात कधी अ‍ॅझोल न घेतलेला रुग्ण औषधाला न जुमानणारा बीजाणूच श्वासातून घेतो. शेतकऱ्यानं ट्यूलिपचा कंद वाचवला, आणखी काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी केली तेव्हा फ्युमिगेटसला सर्वांत गंभीर गटात घातलं. अशा मरणाचा कर्ता शोधायला निघालेला माणूस ट्यूलिपच्या शेतात उभा राहील, आणि तिथं त्याला राग धरावा असं कुणी भेटणार नाही. जबाबदारी मात्र तिथं आहे, अनेकांत वाटलेली.

चरकसंहितेच्या विमानस्थानातला तिसरा अध्याय साथींबद्दलचा आहे. उन्हाळ्याचे दिवस, पांचालांची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ. पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह फिरताहेत. वेगवेगळ्या प्रकृतीची माणसं एकाच वेळी का मरतात, असं त्यांतला अग्निवेश विचारतो. हवा, पाणी, देश आणि काळ बिघडल्यामुळे, असं उत्तर मिळतं. आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म. पण हा अधर्म आजाऱ्याचा नाही. देशाचे, नगराचे, जनपदाचे प्रमुख धर्म सोडतात तिथून त्याची सुरुवात होते.

मग आयुष्य ठरलेलंच असतं का? आत्रेयांच्या मते ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोन्हींवर टेकलेलं असतं. सगळं ठरलेलंच असतं तर पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कुणी बाजूला झालं नसतं आणि औषधाचाही कुणी खटाटोप केला नसता. गाडीचा चांगला आस नीट चालवला तर झिजून आपल्या वेळी संपतो. तोच फाजील ओझ्यानं, खराब रस्त्यानं, हाकणाऱ्याच्या किंवा बैलाच्या दोषानं, वंगण नसल्यानं मध्येच मोडतो. या यादीत मुख्य आरोपी कुठला, ते आत्रेय सांगत नाहीत.

अकाली मृत्यूचा हा सगळा खल ऐकून झाल्यावर अग्निवेश विचारतो, ज्वराच्या रोग्याला वैद्य बहुधा गरम पाणीच का देतात, गार का नाही? आत्रेय तितक्याच गांभीर्यानं कारणं सांगतात, आणि पाठोपाठ अपवादही: पित्त फार वाढलेलं असेल, दाह, चक्कर, बडबड किंवा अतिसार असेल, तर त्या ज्वरात गरम पाणी देऊ नये.