पैचा हिशेब आणि साता समुद्रापलीकडचा ग्राहक

वाळूजच्या ज्या युनिटमध्ये मी क्वालिटी सांभाळते, तिथले ॲल्युमिनियमचे भाग न्हावाशेव्याहून जहाजाने जर्मनीला जातात. घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आमची शेड पाहिली आहे. ज्याचा ब्रेक त्या भागावर चालतो, तो गाडीवाला तर आम्हाला कधीच भेटणार नाही. तरी असे काही व्यवहार वर्षानुवर्षं टिकतात. आणि काही, भाव चोख नि मशीन नवीकोरी असूनही, लवकरच तुटतात. असं का होतं, हे समजायला मला देवगिरीची एक गोष्ट फार उपयोगी पडली.

पैठणचे एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिले. किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या गुरूंनी त्यांच्याकडे हिशेब सोपवला. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्यापाशी वह्या चाळत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. एवढं चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल, असं तेव्हा स्वामी म्हणाले, अशी आख्यायिका आहे. कीर्तनात ऐकताना पै क्षुद्र आणि देव मोठा, एवढाच अर्थ बहुतेक वेळा हाती येतो. मला तो अपुरा वाटतो. ती पै कोणी मागितली नव्हती. नाथ झोपले असते तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पाहणारं कोणी नसताना माणूस जागतो, ते जागणंच मला साधना वाटतं. स्वामींनी ते ओळखलं, म्हणून तर पुढची वाट दाखवली.

आमच्याकडे एकदा भोकाचा व्यास मोजणाऱ्या एअर गेजची सेटिंग सरकली आणि एका लॉटचे बोअर काही मायक्रॉन मोठे गेले. कळलं तेव्हा कंटेनर बंदराच्या वाटेवर होता. भाग जुळणीत बसले असते, कदाचित कधी कोणाला समजलंही नसतं. मालकांनी त्याच दुपारी ग्राहकाला फोन करून लॉट नंबर सांगितला. तिकडच्या सॉर्टिंगचा खर्च आमच्या माथी आला, बदली माल विमानाने पाठवावा लागला. खरं बोलल्याने ऑर्डर टिकते, असं लोक म्हणतात. पण ऑर्डरसाठी खरं बोलणारा, लपवण्यात जास्त फायदा दिसेल त्या दिवशी लपवेलच. हिशेबातून आलेला खरेपणा हिशेब बदलला की संपतो. त्याच्या खाली दुसरं काहीतरी लागतं. आपली परंपरा त्याला अंतरीचा साक्षी म्हणते. देव न मानणाऱ्या सहकाऱ्यांमध्येही मी तो साक्षी जागा पाहिला आहे.

दूरच्या ग्राहकाशी व्यवहार आपल्याकडे नवा नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांवर लादून भरूचला जात असल्याची नोंद आहे. वाट वीस दिवसांची. तिथून माल समुद्रापार. तेव्हा ना पीपीएपीची, म्हणजे भागाच्या मंजुरीच्या कागदांची फाइल होती, ना व्हीडीए ६.३ या मानकाचं प्रक्रिया-ऑडिट. आज एवढे कागद म्हणजे अविश्वासच, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. मला ती मान्य नाही. परक्या माणसाला आपलं काम उघडं करून दाखवायला कागद लागतोच. मात्र तिसऱ्या पाळीत मशीनजवळ न जाता टेबलावरच रीडिंग भरली, तर तोच कागद खोटी साक्ष देतो, आणि ती तिथल्या तिथे पकडणारं ऑडिट मी अजून पाहिलेलं नाही.

पण सगळा धर्म पुरवठादारानेच पाळायचा का? दरवर्षी भाव कमी करायचा, पैसे नव्वद दिवसांनी द्यायचे, ऐनवेळी शेड्यूल कापायचं, आणि चूक कळवली की आधी डेबिट नोट पाठवायची, असा ग्राहक समोरच्याला खोटं बोलायला शिकवतो. त्याच्याकडे जाणारे रिपोर्ट सुंदर असतात, कारण वाईट बातमी वाळूजच्या गेटबाहेर पडतच नाही. ज्याच्या हाती जास्त बळ, त्याने खरं बोलणं समोरच्याला परवडेल असं वागायला हवं. ही त्याची मेहेरबानी नव्हे, त्याचं कर्तव्य आहे. पुरवठादाराच्या प्रामाणिकपणाचा अर्धा भार ग्राहकाच्या वागण्यावर असतो, असं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून नवा परदेशी ग्राहक आला की मी एक प्रश्न विचारतेच: आमच्याकडून चूक कळवणारा फोन आला, तर तुमच्याकडे तो आधी कोण घेणार, पर्चेस की इंजिनिअरिंग? इंजिनिअरिंगचा माणूस आधी विचारतो, कुठला लॉट, किती नग, अजून कुठे कुठे गेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत भावाची बोलणी सुरू करू नका, असं मी आमच्या मालकांना सांगते.