सांधा

भाचीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं. इंग्रजी बाजूला दोघांची नावं वळणदार कर्सिव्ह फॉन्टमध्ये होती, तरी काहीतरी खटकत होतं. नावं ओळभर पसरावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं. प्रत्येक अक्षराची शेपटी पुढच्याकडे निघून मध्येच तुटलेली. अंतर काढून टाकलं, अक्षर मोठं केलं, आणि नावं पुन्हा सलग झाली.

अशा फॉन्टचा जीव सांध्यात असतो. लिहिणाऱ्या हाताला पुढचं अक्षर आधीच ठाऊक असतं, म्हणून तो त्या बेतानं वळतो. फॉन्टमधल्या अक्षराला मात्र कुणाहीशेजारी बसावं लागतं. छपाईच्या खिळ्यांच्या काळात हे फार अवघड होतं. खिळ्याचं अंग चौकोनी, अक्षर तिरपं. अंगाबाहेर आलेली नाजूक शेपटी मोडायची. खिळ्यांऐवजी प्रकाशानं अक्षरं उमटवणारं फोटोटाइपसेटिंग आलं आणि ही अडचण सरली. मग १९६०च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून ‘स्नेल राउंडहँड’ घडवला. त्यात अक्षराला अक्षर असं भिडतं की जोड दिसत नाही. हेरमान झाप्फ यांच्या ‘झाप्फिनो’ या फॉन्टमध्ये तर एकाच अक्षराची अनेक रूपं आहेत, शेजारी बघून बदलणारी. एवढ्या कष्टानं जमवलेलं हे वळण दोन नावांना, प्रशस्तिपत्रावरच्या एका ओळीला शोभतं. पत्ता आणि मुहूर्ताची वेळ साध्या अक्षरातच हवी. घाईत वाचणाऱ्या आजोबांना ती चटकन दिसली पाहिजे. आणि सगळी कॅपिटल अक्षरं या वळणात कधीच लिहू नयेत, ती एकमेकांत गुंतून बसतात.

पत्रिका उलटली. आपल्या देवनागरीत अक्षरं वरून, शिरोरेघेनं जोडलेली. त्याहून सलग आपली मोडी. तिच्यात आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. शब्दांमध्येही जागा सोडायची नाही. आमच्या घरी पणजोबांचा एक मोडी कागद आहे. तो पाहताना अक्षरांआधी हाताचा वेगच डोळ्यांत भरतो.

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. तिचे फॉन्टही आता आहेत. त्यातल्या एकात मी वधू-वरांची नावं टाइप करून पाहिली. अक्षरं बरोबर उमटली, शिरोरेघही जुळली, पण एकाची शेपटी दुसऱ्यात शिरेना. तेव्हा कोरा कागद घेतला, आडवी रेघ ओढली आणि बोरूनं दोन्ही नावं एका दमात लिहिली. तिसऱ्या खेपेला जमली. पत्रिकेच्या आतल्या पानावर आता तीच ओळ छापायला दिली आहे.