मेथीची जुडी

काल संध्याकाळी मेथी निवडायला बसले होते. समोर टीव्हीवर बातम्या, मांडीशी फोन, हात आपले सवयीने चाललेले. इतक्यात लाईट गेली. पंखा थांबला, बातम्या थांबल्या, आणि मग कुठे मला मेथीचा वास आला! अर्धी जुडी निवडून झाली होती तोवर.

खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं. मुळांना ओली काळी माती चिकटलेली. एका पानावर गोगलगायीचं पिल्लू, मोहरीएवढं, पाठीवर घर घेऊन निघालेलं. माझे हात आपोआप जोडले गेले.

अरणचे संत सावता महाराज आठवले. माढा तालुक्यातल्या या गावाहून पंढरपूर काही फार लांब नाही. तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, असं सांगतात. मळ्याला पाणी देणं, खुरपणं, भाजी काढणं, हीच त्यांची पूजा. १२९५ साली त्यांनी देह ठेवला, तोही अरणलाच. बाकी संतांच्या पालख्या आषाढीला विठ्ठलाकडे जातात. सावतोबांच्या पुण्यतिथीला मात्र विठ्ठलाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. मला हे फार मोठं वाटतं. देवाला त्या मळ्याची ओढ आहे, आणि ती शेकडो वर्षांनीही सुटलेली नाही.

थोड्या वेळाने लाईट आली, टीव्ही पुन्हा बोलू लागला. मी उठून तो बंद केला. ते पान पिल्लासकट तुळशीच्या कुंडीत अलगद ठेवलं, आणि उरलेली जुडी निवडायला बसले. एकेक पान बघत.